झाकली मूठ आणि मधाची पेटी

मंडळी, ह्या विकांताला विषय जरा गोड आहे. मधाचा. घाबरू नका, कोमट पाणी-लिंबू-मधाचे अकरा फायदे वगैरे सांगणार नाहीये. ते तुम्हाला रोज सकाळी कुठला ना कुठला काका पाठवतच असेल. मला सांगायचंय ते मधपाळांच्या, म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्या माणसांच्या, संघटनेबद्दल.

संघटना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि सभेनंतरचा बटाटेवडा. आता तुम्ही म्हणाल, मधपाळाला ह्या सगळ्याची गरज काय? माशी मध करते, माणूस काढतो, बरणीत भरतो आणि विकतो. एकट्याचा धंदा आहे.

गोम इथेच आहे. हा धंदा एकट्याचा दिसतो, पण नसतो. गाय माझ्या गोठ्यात बांधलेली असते, कोंबडी संध्याकाळी माझ्याच खुराड्यात येते. मधमाशीला मात्र सात-बारा कळत नाही. अन्नाच्या शोधात ती दोन-तीन किलोमीटर सहज जाते. माझ्या माश्या तुमच्या शेतात चरतात, तुमच्या माझ्या बागेत. आणि शेजारची एखादी पेटी आजाराने दुबळी झाली, की आजूबाजूच्या धडधाकट माश्या तिथला मध लुटायला जातात आणि लुटीबरोबर रोगही घरी घेऊन येतात. थोडक्यात काय, तर पेटी माझी असली तरी माश्या सगळ्या पंचक्रोशीच्या असतात.

म्हणजे शेजाऱ्याच्या पेटीत काय चाललंय हे मला कळायलाच हवं. पण शेजारी ते मला का सांगेल? झाकली मूठ सव्वा लाखाची! ही झाकलेली मूठ कशी उघडायची, हा मला ह्या सगळ्या इतिहासातला मुख्य प्रश्न वाटतो. तो नीट बघायचा तर इंग्लंडला जायला लागेल, कारण तिथल्या मधपाळांची संघटना दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिची यशं आणि फजित्या दोन्ही चांगल्या नोंदलेल्या आहेत.

गंधकाचा खड्डा

इंग्लंडातला खेडूत शेकडो वर्षं मधमाश्या पाळायचा त्या पेंढ्याच्या उपड्या टोपलीत. तिला स्केप म्हणत. दिसायला एकदम चित्रातल्यासारखी सुंदर, पण आतली पोळी टोपलीलाच चिकटलेली, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसायची सोय नाही आणि मध काढायचा तर पोळी कापण्यावाचून इलाज नाही. उन्हाळा संपला की जमिनीत छोटा खड्डा खणायचा, गंधकात भिजवलेल्या चिंध्या त्यात पेटवायच्या आणि वर टोपली ठेवायची. थोड्या वेळात सगळी वसाहत मरून पडली, की मध आपला.

मारायच्या टोपल्या निवडायची पद्धत तर फारच अजब होती. सगळ्यात जड टोपल्या मारायच्या, कारण त्यांत मध भरपूर. सगळ्यात हलक्याही मारायच्या, कारण त्या हिवाळा काढणार नाहीत. मधल्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. म्हणजे सगळ्यात जास्त काम केलेल्या टीमला अप्रेझल झाल्याबरोबर नारळ!

ह्यावर उपाय सापडला तो अमेरिकेत. १८५१ साली फिलाडेल्फियात लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्रीबुवांच्या एक साधी गोष्ट लक्षात आली. पेटीत दोन वस्तूंच्या मध्ये साधारण ६ ते ९ मिलिमीटर जागा सोडली तर माश्या ती जागा ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून कमी सोडली तर डिंकासारख्या चिकट पदार्थाने बुजवून टाकतात, जास्त सोडली तर तिथे पोळं बांधतात. मग एवढीच फट चारी बाजूंनी ठेवून लाकडी चौकटी पेटीत टांगल्या तर? माश्या चौकटीत पोळं बांधतात आणि चौकट सुटी बाहेर काढता येते. १८५२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. (त्याची इतकी सर्रास नक्कल झाली की बुवांच्या हातात फारसं काही पडलं नाही. आपल्या धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.) पाठोपाठ १८५७ मध्ये जर्मनीत मेणपत्रा आला, म्हणजे षटकोनांचा ठसा उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा, ज्यावर माश्या भराभर पोळं चढवतात. १८६५ मध्ये चौकटी गरगर फिरवून मध बाहेर फेकणारं मधयंत्र आलं. आता पोळं मोडायला नको आणि माश्या मारायलाही नकोत. रिकामी चौकट परत पेटीत ठेवली, की माश्या पुन्हा कामाला लागल्या.

झालं, प्रश्न सुटला? तंत्रज्ञान आलं म्हणजे लोक ते वापरतात असं आपल्यापैकी कुणी अजून मानत असेल तर त्याने हात वर करावा. :)

१६ मे १८७४

नव्या पेटीला पैसे पडत. टोपली मात्र घरच्या पेंढ्यात फुकट विणून होई. चौकट कधी उघडायची, राणी माशी कशी ओळखायची, हिवाळ्यासाठी मध किती मागे ठेवायचा, हे शेतमजुराला सांगणार कोण? १८७३ मध्ये ह्या विषयाला वाहिलेलं 'ब्रिटिश बी जर्नल' सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी १६ मे १८७४ ला 'ब्रिटिश बीकीपर्स असोसिएशन' स्थापन झाली. पहिले अध्यक्ष सर जॉन लबक. हे बँकर, खासदार आणि कीटकांचे अभ्यासक, सगळं एकदम. १८७१ मध्ये बँकांना सुट्ट्या देणारा कायदा ह्यांनीच संसदेत मांडून घेतला होता, तेव्हा विकांताला लिहिणाऱ्या माणसाने त्यांना एक नमस्कार करायला हरकत नाही.

संघटनेने आपले उद्देश दोन सांगितले होते. खेड्यातल्या गरीब मजुराला मधाचे चार पैसे मिळावेत हा एक, आणि मधमाशीला मारणं थांबावं हा दुसरा. म्हणजे गंधकाचा खड्डा बुजवायचा. त्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पहिलं प्रदर्शनही झालं.

पण पहिली काही वर्षं पैशाची ओढाताणच होती. १८७८ मध्ये अँजेला बर्डेट-कूट्स अध्यक्ष झाल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. ह्या बाई म्हणजे इंग्लंडातल्या सगळ्यात श्रीमंत स्त्रियांपैकी एक. १९०६ मध्ये वारल्या तोवर अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. ह्याच काळात जिल्ह्याजिल्ह्यांत, त्यांच्या भाषेत काउंटीत, स्वतंत्र संघटना निघाल्या. लंडनला बसून शेतमजुराला चौकट शिकवता येत नाही हे त्यांना वेळेवर कळलं म्हणायचं.

मग सुरू झाल्या जत्रा. गावच्या फुलांच्या प्रदर्शनात एक तंबू लागायचा, त्याच्या एका भागाला बारीक जाळी. जाळीच्या आत संघटनेचा जाणकार, बाहेर सगळा गाव. जाणकार टोपली उलटी करायचा, तिच्या तोंडाशी दुसरी रिकामी टोपली तिरकी लावायचा आणि भरलेल्या टोपलीच्या अंगावर दोन्ही हातांनी तालात थापट्या मारत बसायचा. थोड्या वेळाने सगळ्या माश्या शिस्तीत रांग लावून वरच्या टोपलीत चढायच्या. खाली उरायची मधाने भरलेली पोळी आणि मेलेली माशी एकही नाही. पिढ्यान्पिढ्या गंधक जाळणाऱ्या माणसांना हे बघून काय वाटलं असेल! दहा व्याख्यानांनी होणार नाही ते काम त्या अर्ध्या तासात होत असणार. घोड्याच्या गाड्या सजवून त्या खेड्यापाड्यांत फिरवायचा प्रकारही पुढे सुरू झाला. स्वस्तातली पण वापरण्याजोगी पेटी बनवणाऱ्याला प्रदर्शनात बक्षिसं असायची.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतं ते १८८२ सालचं एक रटाळ काम. तोवर जो तो सुतार आपापल्या मापाची पेटी करायचा. तुमची चौकट माझ्या पेटीत बसत नाही, माझा मेणपत्रा तुमच्या चौकटीला पुरत नाही, मधयंत्र तिसऱ्याच मापाचं. संघटनेने एक समिती नेमली आणि तिने चौकटीचं माप ठरवून टाकलं: १४ इंच बाय साडेआठ इंच. बस्स. कुणावर सक्ती नाही, पण एकदा माप ठरल्यावर कारखान्यांना एकाच साच्यात हजारो नग करता आले. सामान एकमेकांना देता यायला लागलं, विकता यायला लागलं. इंटरफेस ठरवा, आत काय करायचं ते ज्याचं तो बघेल! आज, १४० हून जास्त वर्षांनी, ब्रिटनमधल्या नॅशनल नावाच्या सगळ्यात प्रचलित पेटीत त्याच मापाची चौकट बसते. इतका काळ टिकलेलं एखादं स्पेसिफिकेशन आपल्याकडे दाखवा, मी चहा पाजतो.

आता एक लक्षात घ्या. इथवरचं काम तसं सोपं होतं. चांगली बातमी वाटायची होती, आणि चांगली बातमी सांगायला कुणाचं काही जात नाही. खरी परीक्षा वाईट बातमी आली तेव्हा झाली.

आइल ऑफ वाइट

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. १९०४ च्या सुमारास तिथे माश्या पेटीतून बाहेर पडून जमिनीवर नुसत्या सरपटायला लागल्या. पंख आहेत, पण उडता येत नाही. गवताच्या पात्यांवर चढायच्या, पडायच्या, घोळक्याने मरायच्या. काही वर्षांत हे मुख्य भूमीवर पोचलं आणि मग पुढची दहा वर्षं देशभर पेट्या रिकाम्या होत राहिल्या. नव्वद टक्के वसाहती गेल्या असा आकडा तेव्हापासून सांगितला जातो.

सरकारने चौकशी लावली. १९१२ च्या सुमारास निष्कर्ष निघाला की पोटातला नोसेमा नावाचा सूक्ष्मजीव ह्याला जबाबदार. तो पटेना. बाजारात नाना औषधं आली, छातीठोक दाव्यांसकट. शेवटी १९२१ मध्ये ॲबर्डीनच्या जॉन रेनी आणि सहकाऱ्यांनी माशीच्या श्वासनलिकेत राहणारी एक अतिसूक्ष्म कोळी-किडी जाहीर केली. त्याची धास्ती एवढी, की १९२२ मध्ये अमेरिकेने कायदा करून बाहेरून माश्या आणायलाच बंदी घातली.

गुन्हेगार सापडला, फाइल बंद! पण नाही. १९६४ मध्ये रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातले लेस्ली बेली ह्यांनी सगळे जुने कागद पुन्हा तपासले आणि म्हणाले की हा एक रोग नव्हताच मुळी. उपासमार, वाईट हवामान, निष्काळजीपणा, निरनिराळे आजार, ह्या सगळ्यांनी मेलेल्या पेट्या एकाच नावाच्या खात्यावर जमा होत गेल्या. माश्यांच्या सरपटण्यामागे त्यांना एका विषाणूचा संशय होता. फुलं तेवढीच आणि वसाहती फार, अशा गर्दीत तो फोफावतो.

ह्यातला माझ्या मते महत्त्वाचा भाग माणसांचा आहे, विषाणूचा नाही. पेटी आपल्या चुकीने मेली हे सांगण्यापेक्षा 'बेटावरचा रोग आला हो' म्हणणं कुणालाही सोपं. आणि तीस वर्षं 'अजून माश्या पाळा, अजून पेट्या ठेवा' सांगणाऱ्या संघटनांना 'माश्या जास्त झाल्या असतील का' हा प्रश्न सुचणं अवघड. मूठ झाकणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही. कधी कधी सगळ्यांचीच सोय त्यात असते.

अपवादही होते. डेव्हनमधल्या बकफास्ट मठातले ब्रदर ॲडम तेव्हा विशीतसुद्धा नव्हते. मठाच्या ४६ वसाहतींपैकी ३० मेल्या. उरलेल्या १६ का उरल्या, हा प्रश्न त्यांनी धरला. वाचलेल्या वसाहतींत इटालियन माशीचं रक्त होतं. तिथून त्यांनी जे प्रजननाचं काम सुरू केलं ते पुढची सत्तरेक वर्षं चाललं आणि बकफास्ट माशी जगभर गेली.

काडीची परीक्षा

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा प्रपंच केला त्याकडे येतो. फाउलब्रूड. हा माश्यांच्या अळ्यांचा जिवाणूजन्य रोग. ह्याचे दोन प्रकार आहेत, त्यातला 'अमेरिकन' जास्त भयंकर. (नावाचा आणि देशाचा तसा संबंध नाही, अभ्यास कुठे झाला एवढाच.) अळी बंद कोठडीत मरते आणि तिचा चिकट तपकिरी लगदा होतो. ओळखायची खूण अगदी घरगुती आहे. आगकाडी त्या कोठडीत खुपसायची आणि हळूच बाहेर ओढायची. चिकाची तार लांबत बाहेर आली तर समजायचं, संपलं. माणसाला ह्या मधाचा काही अपाय नाही, पण जिवाणूचे बीजाणू चौकटीत, मेणात, लाकडात चाळीस वर्षांहून जास्त टिकतात. औषधाने रोग दबतो, पण बीजाणू मरत नाहीत.

समजा तुमच्याकडे दहा पेट्या आहेत. एका संध्याकाळी काडी बाहेर आली आणि तिच्याबरोबर तार. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

एक, सगळ्यांना सांगायचं. म्हणजे पेटीतल्या माश्या आणि चौकटी जाळायच्या, वर 'ह्याच्याकडे रोग आहे' म्हणून गावात बभ्रा आणि मधाला गिऱ्हाईक नाही. दोन, गप्प बसायचं. तीन, पेट्या स्वस्तात विकून मोकळं व्हायचं. तिसरा सगळ्यात वाईट, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात माणसासारखा.

एकट्यादुकट्याचा हिशोब केला तर दुसरा आणि तिसरा पर्याय परवडतो. आणि सगळ्यांनी तोच हिशोब केला तर सगळा तालुका बसतो.

कायदा करा असा आग्रह संघटनेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच धरला होता. पण मधपाळांमध्येच दोन तट. सरकारी माणूस येऊन माझी पेटी उघडणार? आयर्लंडमध्ये १९०८ ला कायदा झाला, इंग्लंडमध्ये वाद घालता घालता १९४२ उजाडलं. महायुद्ध चालू होतं, साखर रेशनवर होती, मध आणि परागीभवन दोन्हीला एकदम भाव आला होता. त्या वर्षी फाउलब्रूडचा हुकूम निघाला. तपासनिसाला पेटी बघण्याचा आणि रोगट वसाहत नष्ट करायला लावण्याचा अधिकार मिळाला.

नुसत्या कायद्याने काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. जाळण्याची भीती वाढली की लपवणं वाढतं. म्हणून दुसरी गोष्ट लागते, आणि ती संघटनांनी स्वतः उभी केली: विमा. 'बी डिसीजेस इन्शुरन्स' नावाची ही ना-नफा व्यवस्था मधपाळ संघटनांचीच आहे. सभासद वर्षाला थोडी रक्कम भरतात. कुणाकडे फाउलब्रूड निघाला आणि सामान जाळावं लागलं, तर त्याची भरपाई ह्या सामाईक गल्ल्यातून मिळते. ज्याच्याकडे कधीच रोग निघाला नाही तोही दर वर्षी पैसे भरतो. का? कारण शेजाऱ्याने वेळेवर तोंड उघडावं ह्याची ती किंमत आहे. त्याला सांगणं परवडलं, तर माझ्या पेट्या वाचतात.

किती साधी गोष्ट आहे बघा. रोगावर औषध नाही, माशीत बदल नाही, फक्त खरं बोलण्याची किंमत दहा हजारांत वाटून टाकली. आपल्याकडे प्रॉडक्शनवर काही फुटलं की पहिला प्रश्न 'कुणी केलं?' असा येतो त्या टीममध्ये बग लपतात, आणि 'काय झालं?' असा येतो तिथे अर्ध्या तासात सापडतात. तेच हे.

तपासनीस आले की पैसे घेत नाहीत. संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर वसाहत मारतात, खड्डा खणून चौकटींसकट जाळतात आणि वर माती लोटतात. म्हणजे गंमत बघा (गंमत कसली, पण तरी). १८७४ मध्ये संघटना निघाली ती माश्या मारायचा खड्डा बुजवायला, आणि आता तीच संघटना सभासदाला सांगते की खड्डा खण, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पहिला खड्डा मधासाठी होता, दुसरा शेजाऱ्यांच्या माश्यांसाठी. १९५० च्या दशकात दर वर्षी जेवढा अमेरिकन फाउलब्रूड ब्रिटनमध्ये सापडायचा, त्या मानाने आता फारच थोडा सापडतो.

संघटनेचीच मूठ

इथे थांबलो असतो तर छान बोधकथा झाली असती. पण पुढे एक प्रकरण आहे.

२००१ च्या सुमारापासून ह्याच ब्रिटिश संघटनेने काही कीटकनाशक कंपन्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. वर्षाला साधारण १७,५०० पाउंड. बदल्यात त्यांच्या काही उत्पादनांवर संघटनेचं बोधचिन्ह, म्हणजे 'नीट वापरलं तर माशीला चालेल' अशी पावती. संघटनेची बाजू अशी, की शेतकरी फवारणार आहेतच, तर आत बसून त्यांना कमी वाईट पर्यायाकडे नेऊ. हा युक्तिवाद अगदीच फालतू नाही. पण उद्या त्याच कंपन्यांच्या औषधाने माश्या मेल्याची शंका आली तर संघटना मोकळेपणाने बोलणार का? सभासदांनीच हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये संघटनेने ही व्यवस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं.

जी संस्था सभासदांना मूठ उघडायला शिकवते तिची स्वतःची मूठ कुणाच्या पैशाने झाकलेली असेल तर सगळंच मुसळ केरात. आणि रक्कम तरी केवढी? आपल्याकडच्या एखाद्या मॅनेजरच्या पगाराएवढी.

हीच संघटना स्वतःच्या बळावर काय करू शकते तेही त्याच काळात दिसलं होतं. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅरोआ ही परजीवी किडी आली होती आणि वसाहती मरत होत्या. ५ नोव्हेंबर २००८ ला मधपाळ पांढरे पोशाख, तोंडावर जाळ्या आणि हातात धुराडी घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरले आणि संशोधनासाठी पैसे मागणारा, १,४०,००० हून जास्त सह्यांचा अर्ज पंतप्रधानांच्या दारी देऊन आले. पुढच्या वर्षी परागीभवन करणाऱ्या कीटकांवरच्या संशोधनासाठी एक कोटी पाउंडांचा कार्यक्रम जाहीर झाला. बोधचिन्ह विकून मिळाले असते त्याच्या कित्येक पट.

आणि आपल्याकडे?

इंग्रजांनी हे सगळं आपल्याकडेही आणून बघितलं. १८८० च्या दशकात बंगालमध्ये प्रयत्न झाला, १८८४ मध्ये जॉन डग्लस ह्यांचं भारतातल्या मधमाशीपालनावरचं पुस्तकही निघालं. पण आपली सातेरी माशी त्यांच्या माशीपेक्षा लहान, वसाहतही छोटी, विलायती मापाची पेटी तिला घर नव्हे, मंगल कार्यालय वाटत असणार. १९११ ते १९१७ मध्ये तमिळ मुलुखात फादर न्यूटन ह्यांनी सातेरीच्या मापाची छोटी पेटी केली आणि लोकांना शिकवलं, तेव्हा कुठे जमलं. १९३० च्या दशकात दक्षिणेत कूर्ग आणि मार्तंडम इथे मधपाळांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, अखिल भारतीय संघटना आणि तिचं 'इंडियन बी जर्नल'ही त्याच दशकाच्या अखेरचं. महाबळेश्वरात १९४६ पासून सरकारी पुढाकाराने काम सुरू झालं, पुण्यात १९६२ मध्ये खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर तर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

म्हणजे शिकवणं, पेटी देणं, मध गोळा करून विकणं ही चांगल्या बातमीची कामं आपल्याकडेही झाली आणि होतायत. वाईट बातमीचं काय?

१९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू दक्षिणेत पसरला. अळीची पाण्याने भरलेली पिशवी होते आणि ती मरते. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या कित्येक भागांत सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या. पिढीजात धंदा करणाऱ्या कुटुंबांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. अशा वेळी पहिल्या दहा पेट्या मेल्याची खबर पुढच्या तालुक्याला किती लवकर कळते, ह्यावर सगळं अवलंबून असतं.

दुसरी झाकली मूठ बाटलीतली. २०२० मध्ये, कोविडच्या भीतीने मधाचा खप वाढलेला असताना, उत्तरेतले मधपाळ तक्रार करत होते की आमच्या मधाला भाव मिळत नाही. मागणी वाढते आणि भाव पडतो, हे कसलं अर्थशास्त्र? ह्या तक्रारीचा माग काढत दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने १३ ब्रँडचे २२ नमुने तपासले. साखरेचा पाक ओळखणाऱ्या आधुनिक चाचणीसकट सगळ्या चाचण्या पास झाले फक्त ५. पाक मधापेक्षा स्वस्त, म्हणून खऱ्या मधपाळाचा भाव पडलेला. पंजाब-राजस्थानातल्या एकट्या मधपाळाला जर्मनीत नमुना पाठवून ती चाचणी करणं कुठून परवडणार? हे संस्थेचंच काम.

म्हणून एखादी मधपाळ संघटना चांगली की वाईट हे ठरवायचं तर माझा निकष सोपा आहे. तिने पेट्या किती वाटल्या आणि प्रशिक्षणवर्ग किती घेतले ते जरूर बघा. पण आधी हे विचारा: तिच्या सभासदाच्या पेटीत रोग निघाला तर ते सांगणं त्याला परवडतं का? आणि बाजारातला मध खोटा निघाला तर ते सांगणं तिला परवडतं का?

आणि आपण, म्हणजे महाबळेश्वरहून येताना पाचगणीला थांबून बरणी घेणारी मंडळी? मध पाण्यात टाकून बघणं, वात भिजवून पेटवणं ह्या घरगुती परीक्षांनी आजकालचा पाक पकडला जात नाही, तेव्हा तो खटाटोप सोडा. त्यापेक्षा हा मध कुठल्या फुलोऱ्याचा, कुठल्या गावचा आणि कुणी काढला, ते दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर देता येत असेल तर दहा-वीस रुपये जास्त गेले तरी खुशाल जाऊ द्या. तिकडे शेजाऱ्यासाठी वर्गणी भरतात, इकडे आपली एवढी भर पुरे.

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या विकांताला.